दुधाच्या दाढेची जागा

हुस्नाबी दात बनवायची. दारव्ह्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. एका अंगाला पिंजारी, दुसऱ्या अंगाला स्टोव्ह-कंदील दुरुस्त करणारा. दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं, नजीरचं. तरुणपणी तो नागपूरला एका दाताच्या डॉक्टरकडे आठ वर्षं कामाला होता. तिथं बत्तीशी, म्हणजे कवळी, करायला शिकला आणि गावी येऊन त्यानं दुकान टाकलं. पुढं खुर्ची आणि आरसा, मधे हिरवा पडदा, पडद्याआड स्पिरिटचा दिवा, कानशी, पकडी आणि प्लास्टरचं पोतं. पडद्याआड हुस्नाबी बसायची.

सुरुवातीला ती फक्त दात घासून चकाकी आणायची. मग नजीरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मेण वाकवण्यापासून शेवटच्या घासणीपर्यंत सगळं काम तिच्याकडे आलं. नजीर पुढं बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा, ठसा घ्यायचा. दात पडद्याआडून यायचे. हे चार वर्षं चाललं आणि गावाला पत्ता नव्हता.

छप्पन साली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच हिवाळ्यात, नजीर छातीच्या दुखण्यानं गेला. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतचे चार महिने दहा दिवस हुस्नाबी घरात राहिली. ते संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकान उघडलं, हिरवा पडदा काढला, घडी करून ठेवला आणि आपली बैठक पुढं आणून मांडली.

तिचा दीर जफर धावतच आला. घरात ते लोक त्यांच्या बोलीत बोलायचे, मी माझ्या बोलीत सांगते.

"भाभी, हे काय करून राह्यली तू? दुकान मले दे. मी तिथं सायकलीचं काम टाकतो. तुह्यं अन् जमिलाचं मी पाहीन."

"तू सायकली पाह्य. माह्यं अन् जमिलाचं मी पाहीन."

"बाईमाणूस बाजारात बसून लोकाच्या तोंडात पाह्यते, हे बरं दिसते का?"

"चार वर्षं लोकाच्या तोंडात माह्यंच काम आहे, जफर. तेव्हा तुले दिसलं नाही. आता दिसते, एवढाच फरक."

त्याच आठवड्यात जवळच्या गावचे एक पाटील आले. त्यांची खालची बत्तीशी हलायची. दुकानात बाई पाहून ते उंबऱ्यातच थांबले. "मी बाईच्या हातचे दात घालत नसतो," म्हणाले. हुस्नाबीनं विचारलं, "आता तोंडात हायेत ते कोणाच्या हातचे वाटतात, पाटील? जरा काढून पाहा. आतल्या बाजूनं टोचू नये म्हणून एक कोपरा गोल केला आहे. तो मी केला. नजीरले तर तो कोपराच दिसत नव्हता." पाटलांनी जिभेनं तो कोपरा चाचपला. मग खुर्चीत बसले. ही गोष्ट गावभर झाली, आणि सांगणारे पाटील स्वतःच होते.

मी हुस्नाबीला पहिल्यांदा पाहिलं ते अठ्ठावन्न साली. माझं नाव जमनी. दारव्ह्यापासून तीन कोसांवर आमचा तांडा. बाप नेमसिंग, आई भुरीबाई. आम्ही आईला याडी म्हणतो. मी सात वर्षांची होते. खालची डावीकडची दुधाची दाढ किडली, गाल सुजला, ताप आला. बाजारात दात उपटणारा एक माणूस बसायचा. त्यानं ती दाढ उपटली. रक्त थांबेना, तेव्हा कोणीतरी याडीला सांगितलं की मागच्या गल्लीत दातवाली बाई आहे.

हुस्नाबीनं कापसाची गुंडाळी दाढेच्या रिकाम्या जागी दाबली आणि मला ती चावून धरायला लावली. रक्त थांबल्यावर तिनं खिडकीच्या उजेडात माझं तोंड उघडून बराच वेळ पाहिलं. मग याडीला म्हणाली, "आता हिची जागा राखावी लागंल."

"कायची जागा?"

"या दाढेची. हिच्या खाली पक्की दाढ आहे. ती वर याले अजून चार वर्षं आहेत. तवर ही जागा रिकामी. अन् हिच्या मागची मोठी दाढ आताच उगवली. ती पुढं सरकंल."

"दात कसा सरकंल बाई? हाडात रुतला आहे तो."

हुस्नाबी हसली नाही. "तू बाजारात मिरच्या घेऊन बसतेस ना? जागेवरून उठून पाणी प्याले गेली, तर आल्यावर काय दिसते?"

"शेजारणीची टोपली माह्या जाग्यावर."

"मंग उठताना काय ठेवतेस?"

"धोंडा."

"तसाच धोंडा हिच्या तोंडात ठेवाचा. मागच्या दाढेले एक कडं, कड्याले तारेची कमान, अन् कमान पुढच्या दाताले टेकलेली. मधली जागा मोकळी. पक्की दाढ डोकं काढंल तेव्हा तार काढून टाकाची."

मग तिनं आपल्या मुलीला हाक मारली. जमिला चौदा वर्षांची होती, उंच, ओढणीचं टोक सतत ओठांवर धरणारी. "दाखव," हुस्नाबी म्हणाली. जमिलाला ते आवडलं नाही, पण तिनं ओढणी खाली केली आणि गाल ओढून दाखवला. तिची एक दाढ रांग सोडून गालाच्या बाजूला आडवी आली होती. तिथला गाल आतून नेहमी चिरलेला असायचा.

"पाच वर्षांची असताना हिची दुधाची दाढ काढली," हुस्नाबी म्हणाली. "नजीरनं नागपूरले अशी तार होताना पाह्यली होती. मी म्हटलं, करून दे पोरीले. तो म्हणे, दुधाचा दात होय, दुसरा येईल. आला. हा असा आला." तिचा आवाज चढला होता. "मी तेव्हा ऐकून घेतलं. आता कोणाचंच ऐकणार नाही."

पण नजीरचा एक नेम ती पाळायची. बोळक्या तोंडाला दात करून द्यायचे, जित्या दाताला हात लावायचा नाही. ते डॉक्टरचं काम. म्हणून तिनं याडीला सांगितलं, पोरगी घेऊन बुधवारी ये, यवतमाळला जाऊ.

यवतमाळला डॉक्टर मामीडवार होते. आम्ही छोट्या रुळांच्या आगगाडीनं गेलो, मी, याडी, हुस्नाबी आणि जमिला. डॉक्टरांचा दवाखाना पांढराशुभ्र होता आणि लवंगेच्या तेलाचा वास येत होता. त्यांनी माझं तोंड पाहिलं, हात धुतले आणि म्हणाले, "जखम भरून येत आहे. काही करायची गरज नाही. दुधाची दाढ होती, पडणारच होती."

"पडणार होती, पण चार वर्षांनी," हुस्नाबी म्हणाली. "तुम्ही शिकलेले हात, तुम्हाले मी काय सांगू? जागा राखायची तार असते, हे तुम्हाले माहीत आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "माहीत आहे. कॉलेजात असताना केल्यासुद्धा आहेत. पण बाई, तुम्ही बत्तीशा करता. बत्तीशी दिली की काम संपलं. या तारेचं तसं नाही. दर तीन-चार महिन्यांनी पाहावी लागते. सिमेंट सुटलं आणि कोणी आणलं नाही, तर कड्याखाली अन्न साठतं आणि चांगली दाढ किडते. मग एकाच्या दोन जातात. हे तांड्यातले लोक. आज आले, उद्या कुठं असतील? चार वर्षं कोण येणार?"

मी याडीकडे पाहिलं. तिच्या कोपरापर्यंतच्या चुड्या वाजल्या, म्हणजे ती उठली होती.

"आम्ही उद्या कुठं असू, ते सांगू का डॉक्टर? माह्या आज्यानं बैलावर मीठ वाह्यलं, हे खरं हाय. तो फिरला म्हणून तुमच्या आज्याले मीठ भेटलं. आता आमचं वावर हाय, घर हाय, वावरात विहीर हाय. विहीर कोणी पाठीवर घेऊन फिरते का? तुम्ही म्हणसान त्या दिवशी मी इथं येईन. एक डाव चुकली, तर दुसऱ्या डावी दार उघडू नका."

हुस्नाबीनं ती संधी साधली. तिनं जमिलाला पुढं केलं. डॉक्टरांनी जमिलाचा गाल पाहिला, आरशाची कांडी आत घालून बराच वेळ पाहिला. जमिलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दुखण्यानं नव्हे.

"हिचं काही करता येईल का?" हुस्नाबीनं विचारलं.

"आता नाही. इथं तरी नाही. दाढ काढता येईल."

"काढणार नाही," जमिला एकदम म्हणाली. त्या दिवशी तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "चांगली दाढ आहे. वाकडी आहे, पण माझी आहे."

डॉक्टर खुर्चीवर बसले. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तार बनवून देणारा माणूस माझ्याकडे नाही. नागपूरला पाठवावी लागेल."

"माणूस नाही, बाई आहे. ठसा तुम्ही घ्या. तार मी करीन. बसवाल तुम्ही."

"कडं केसाएवढं जरी सैल झालं, तरी मी बसवणार नाही."

"बसवूच नका. मी दुसरं करीन."

आणि खरोखर पहिलं कडं सैल झालं. आठ दिवसांनी आम्ही परत गेलो. डॉक्टरांनी ते दाढेवर ठेवलं, बोटानं हलवलं, काढून हुस्नाबीच्या तळहातावर ठेवलं आणि मान हलवली. हुस्नाबीचा चेहरा लाल झाला. पण तिनं वाद घातला नाही. परतीच्या गाडीत ती ते कडं बोटांत फिरवत बसली. याडीनं आपल्या पायातलं वाळं दाखवून म्हटलं, "चांदी पाह्यजे का? ही घे." हुस्नाबी म्हणाली, "चांदी नरम पडते बाई. पोरगी भाकर खाते, चांदी चेपंल. धातूचा दोष नाही, माह्या हाताचा आहे. एवढं लहान काम मी कधी केलं नव्हतं."

दुसरं कडं तिनं माझ्या जबड्याच्या प्लास्टरच्या साच्यावर केलं, जर्मन सिल्व्हरची, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या कडक धातूची, पातळ पट्टी ताणून, चिमटून. तार वाकवून ती चांदीच्या डाखानं कड्याला जोडली. मी तिथंच बसून पाहत होते. ती फुंकणीनं ज्योत अशी बारीक करायची की तिचं टोक सुईसारखं दिसायचं. डाख वितळून पाण्यासारखा पळाला की ती ज्योत लगेच बाजूला घ्यायची आणि तोपर्यंत धरलेला श्वास सोडायची.

या वेळी डॉक्टरांनी कडं दाढेवर ठेवून दाबलं आणि ते जागच्या जागी बसलं. त्यांनी बोटानं हलवलं, पकडीनं हलवलं. मग सिमेंट कालवलं.

तांड्यावर मात्र गहजब झाला. माझ्या बापाचा थोरला भाऊ धावजी, त्याचं घरात चालायचं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरीच्या तोंडात लोखंड घालून आणलं! उद्या सोयरीक जमंल का हिची? पाहुणे विचारतीन, हे काय म्हणून."

याडी भाकरी थापत होती. ती तशीच थापत राहिली. "नाकात घातलं ते चालते. कानात, गळ्यात, पायात, कोपरापोवतर हातात घातलं ते चालते. केसालेही चांदी बांधली. एवढा धातू आंगावर घालून सोयरिकी जमल्या ना आपल्या? मंग तोंडातल्या गव्हाएवढ्या तारेनं काय मोडंल?"

बायका हसल्या. माझा बाप नेमसिंग कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "दादा, तार राहील." धावजीनं दोन महिने आमच्याकडे पाणी घेतलं नाही.

तोंडात तार असणं कसं असतं, हे सांगते. पहिले आठ दिवस जीभ दुसरं काही करतच नाही. तारेच्या कमानीखालून जाते, वरून जाते. आंबट खाल्लं की धातूची चव येते. शाळेत पोरं मला "तारवाली" म्हणायची. एकदा देवसिंग नावाच्या पोराला मी चावून दाखवलं की तारेच्या बाजूनंही जोर तेवढाच लागतो. मास्तरांनी मला उभं केलं. मी उभी राहिले.

याडीनं शब्द पाळला. दर तीन महिन्यांनी आम्ही यवतमाळला जायचो. हुस्नाबी दुकान बंद करून सोबत यायची. दुसऱ्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत एक फेरी चुकली. त्यातच माझं कडं हलायला लागलं. मी कोणाला सांगितलं नाही. तार सुटली तर सुटू दे, असं मला वाटत होतं. सात-आठ वर्षांच्या पोरीला चार वर्षं फार मोठी असतात.

फेरी चुकल्यावर दहाव्या दिवशी दुपारी हुस्नाबी तांड्यावर आली. तीन कोस चालत. पायांवर धूळ, डोक्यावर पदर, हातात चपला, कारण एकीचा अंगठा तुटला होता. तांड्याच्या तोंडाशी धावजी बसला होता.

"कोणाकडे?" त्यानं विचारलं, ओळखत असून.

"जमनीची तार पाह्याले."

"तिची माय वावरात आहे. तार-बिर काही नाही. जा परत."

"तीन कोस आली मी. परत जायचे तीन, ते मी जाईन. पण तार पाह्यल्याबिगर नाही. तू मोठा माणूस आहेस, पाणी पाजशील का असाच वाटेत बसून राह्यशील?"

दारी आलेल्या तहानेल्याला पाणी नाकारणं आमच्यात कोणाला जमत नाही, धावजीलाही नाही. त्यानं लोटा आणला. ती पाणी पिऊन सरळ आमच्या घरी आली, मला धरून उन्हात उभं केलं आणि बोट लावताच कडं तिच्या हातात आलं. ती मला रागावली नाही. फक्त म्हणाली, "जमिलाचा गाल पाह्यलास ना तू? तिले कोणी विचारलं नव्हतं. तुले मी विचारते. ठेवायची का काढायची?"

मी बराच वेळ पायानं माती उकरली. मग म्हटलं, "ठेवायची."

वावरातून याडीला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आम्ही यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी कड्याखालची दाढ घासून पुसून पाहिली. किडलेली नव्हती. त्यांनी कडं पुन्हा सिमेंटनं बसवलं. "चुकलात," ते याडीला म्हणाले. "पण आलात." आणि दार उघडंच राहिलं.

एव्हाना दारव्ह्याकडची आणखी पाच मुलं तार लावून हिंडत होती. एक पिंजाऱ्याची नात, दोन कापड दुकानदाराची, एक शिपायाचं, एक हरिसिंगचं, आमच्याच तांड्यातलं. साठ सालच्या उन्हाळ्यात हुस्नाबी डॉक्टरांना म्हणाली, "सहा लेकरं अन् त्याईच्या माया, दर डाव यवतमाळले येतात. त्यापेक्षा तुम्ही एकटे दारव्ह्याले काहून येत नाही?"

डॉक्टर हसले. पण तिनं तो प्रश्न प्रत्येक फेरीला विचारला, आणि चौथ्यांदा विचारल्यावर ते आले. महिन्यातून एकदा, गुरुवारी, तिच्याच दुकानात बसायचं ठरलं. जफर पुन्हा आला. विधवेच्या दुकानात परका पुरुष बसणार, लोक काय म्हणतील, म्हणून. हुस्नाबी म्हणाली, "लोकाईचं तोंड उघडंच राहणार असंल, तर त्या तोंडात निदान डॉक्टर तरी पाहतीन." जफर पुष्कळ दिवस बोलला नाही. पुढं त्यानं सायकलीचं दुकान मोटार अड्ड्याजवळ टाकलं. ते चांगलं चाललं.

माझी पक्की दाढ बासष्टच्या पावसाळ्यानंतर वर आली. मी अकरा वर्षांची झाले होते. कमानीच्या मधोमध पांढरं टोक दिसलं. डॉक्टरांनी पकडीनं कडं उचकटलं आणि चार वर्षांनी माझ्या जिभेला तिथं काहीच लागलं नाही. मी घाबरले. हुस्नाबी वाकून पाहत होती.

"जराशी फिरली आहे," ती म्हणाली.

"जरा फिरलेली चालते," डॉक्टर म्हणाले. "रांगेत आहे."

"रांगेत आहे," ती म्हणाली, पण खूश दिसली नाही. पुढं कित्येक वर्षं, भेटले की ती माझा गाल ओढून ती दाढ पाहायची आणि "कमान अर्ध्या ज्वारीएवढी मोठी पाह्यजे होती," असं म्हणायची.

जमिलाचं लग्न चौसष्ट साली नेरच्या एका मोटार मेकॅनिकशी झालं. पाहायला आलेल्या बायकांपैकी एक म्हणाली की ती आडवी दाढ लग्नाआधी काढून घ्या. जमिलानं ओढणी ओठांवर घेतली नाही. "दाढ माझ्यासोबत येईल," म्हणाली. मुलगा, असं म्हणतात, बाहेर उभा राहून हसला.

सदुसष्टपर्यंत हुस्नाबीनं त्रेपन्न तारा केल्या. तिला विचारलं की ती फसलेल्या आधी सांगायची. अकरा फसल्या होत्या. कोणी परत आणलं नाही, कोणाची हरवली, एका मुलाच्या कड्याखाली दाढ किडली. त्या मुलाच्या घरी ती स्वतः गेली होती आणि त्याच्या आईनं दिलेल्या शिव्या उभ्यानं ऐकून आली होती.

त्याच वर्षी शाळेनं तिचा सत्कार ठरवला. शाल, नारळ, हेडमास्तरांचं भाषण. हुस्नाबी हेडमास्तरांच्या खोलीत गेली. मी तेव्हा मॅट्रिकला होते, तिच्यासोबत गेले होते.

"शाल नको," ती म्हणाली. "पहिली-दुसरीची पोरं एक दिवस द्या. डॉक्टर पाहतीन, मी लिहीन."

"बाई, पालकांची परवानगी, मुलींचे आईवडील... त्यात हा शिक्षणाचा विषय नाही."

"पोरगं दात दुखते म्हणून घरी बसते, तेव्हा त्याची गैरहजेरी तुम्हीच मांडता ना? मंग विषय कोणाचा?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन गुरुवारांनंतर शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं गेलं. मुलांची रांग पटांगणातल्या कडुनिंबापर्यंत गेली होती. डॉक्टर मामीडवार मोठ्यानं सांगत होते आणि हुस्नाबी वहीवर वाकून, एकेक अक्षर सावकाश जुळवत, मुलांची नावं लिहीत होती. एका लहान मुलीनं तोंड उघडायला साफ नकार दिला, दोन्ही हात ओठांवर घट्ट धरून. हुस्नाबीनं पेन खाली ठेवलं. "बरं," ती म्हणाली, "घाई नाही. मी दिवसभर इथंच आहे."